वाडा पाडतोय, माडीवरचं जुनं सामान विकू की ठेवू? (मेज, गोल टेबल, नकाशा, लक्ष्मीची तसबीर)

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

जुन्या नाशकात तांबट लेनच्या अलीकडे आमचा वाडा आहे, तो दिवाळीनंतर पाडायचाय (बिल्डरशी सगळं ठरलंय, त्यावर प्लीज चर्चा नको, घरात तीन वर्षं तेवढंच चाललं होतं). माडी रिकामी करताना बरंच काय काय निघालं. पितळी भांडी, पाट, चौरंग वगैरे वाटून झालं, पण चार-पाच वस्तूंवर गाडी अडकलीये.

एक म्हणजे पणजोबांचं हिशेबाचं मेज, ते धान्याचे व्यापारी आणि थोडी सावकारी पण करायचे. मांडी घालून बसायचं आणि वर उतरतं झाकण, आत कप्पे, खाली एक खण. काळंकुळकुळीत आहे आणि एकट्याला उचलत नाही. दुसरं गोल टेबल, मधे एकच खांब आणि खाली तीन पाय, पायांना वाघाचे पंजे कोरलेत. मग एक आरसा. मग लक्ष्मीची मोठी तसबीर, साडीवर खरी जर चिकटवलेली, आजी म्हणायची ती रविवर्म्याची आहे. आणि पत्र्याच्या नळकांड्यात एक इंग्रजी नकाशा, दीडेक फुटाचा, तुकडे तुकडे करून कापडावर चिकटवलाय. त्यात नाशिक अगदी खालच्या डाव्या कोपऱ्यात आहे आणि काठाशी गाव कापलंच गेलंय, त्यामुळे भाऊ म्हणतो हा फाटका नकाशा आहे, टाकून दे.

एक जुनं सामान घेणारा येऊन गेला, सगळ्याचे एकगठ्ठा बावीस हजार म्हणतोय. मेज साधं सागवानी आहे, वरून काळं केलंय म्हणाला. टेबलाचं भरपूर कौतुक केलं. नकाशाबद्दल काहीच बोलला नाही, पण जाताना जिन्यात थांबून म्हणे "तो नळा पण टाका त्यातच, त्याचे वेगळे पाचशे देतो". तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

भावाचं म्हणणं सगळं घासून पीयू (पॉलियुरेथेनचं चकचकीत) पॉलिश मारू, चकाचक फोटो काढू आणि ऑनलाईन विकू. मामेभाऊ न्यू जर्सीत असतो, तो म्हणतो मेज मला पाठवा, शिपिंग मी देतो. आई म्हणते बाकी कायपण करा, लक्ष्मी घराबाहेर जाणार नाही.

काय करावं? फोटो टाकलेत, माडीवर उजेड कमी आहे म्हणून तसेच आलेत.

रंधा_पटाशी

पहिल्यांदा भावाच्या हातातला सँडर काढून घ्या. बाकीचं नंतर.

गंमत नाही करत. आमच्या आजीचं शिसवी फडताळ आम्हीच असं मारलं. मी तेव्हा कॉलेजात, वडील गावाला गेलेले, काकांनी एका वर्कशॉपात दिलं, त्याने मशीन फिरवलं आणि वर जाड चकचकीत कोट चढवला. परत आलं तेव्हा हॉटेलच्या रिसेप्शनचं काउंटर वाटत होतं. शंभर वर्षं हात लागून, तेल-धूर-हवा खाऊन लाकडाच्या वरच्या थरावर जो रंग चढलेला असतो ना तो एका दुपारी भुसा होऊन उडतो, परत आणता येत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक पैसे त्याच थराचे देतं.

जुन्या फर्निचरवर बहुतेक चपड्याचं पॉलिश असतं, म्हणजे लाखेचा चपडा स्पिरिटमधे विरघळवून कापसाच्या गोळ्याने हात मारलेला. बघायचं असेल तर मेजाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे, कानात घालायच्या काडीवर थेंबभर स्पिरिट घेऊन टेकवा. चिकट झालं, काडी तपकिरी झाली तर चपडा. म्हणजे ते नुसतं नीट पुसून परत हात मारता येतं, खरवडायची गरजच नाही.

आता मेज सागवानी का शिसवी. तो माणूस खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, सागवान काळं करून शिसवी म्हणून खपवायची पद्धत जुनीच आहे. खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. जुनी वस्तू समोरून काय वाटेल ते सांगते, मागून आणि खालून खरं सांगते. जिथे पॉलिश पोचलेलं नाही तिथे पटाशीच्या टोकाने नखाएवढं खरवडा. सागवान आतून सोनेरी-पिवळट निघतं, हाताला किंचित तेलकट लागतं आणि एक चामड्यासारखा वास येतो. शिसवी जांभळट-तपकिरी, मधे काळ्या शिरा. वजनातही फरक, एक घनफूट सागवान साधारण १८-१९ किलो भरतं आणि शिसवी २३-२४ च्या आसपास. एकट्याला उचलत नाही म्हणताय त्यावरून मला शिसवीचा संशय येतोय, पण बघा. आणि खणाच्या आतल्या फळ्या सागवानी निघाल्या तर घाबरू नका, बाहेर दिसतं तिथे महाग लाकूड आणि आत स्वस्त, हे तेव्हाचे सुतार पण करायचेच.

खणाचे कोपरे बघा. डव्हटेल (दोन फळ्यांचे पसरट दात एकमेकांत अडकवलेला सांधा) असेल तर त्याचे दात मोजा, हाताने कापलेले दात कधीच एकसारखे नसतात, एखादा जाड एखादा बारीक, आणि फळीवर सुताराने खूण करायला मारलेली बारीक रेघ अजून दिसते. मशीनचे असतील तर छापल्यासारखे. फळीच्या मागच्या बाजूला करवतीच्या सरळ, वेड्यावाकड्या अंतराच्या रेघा असतील तर हातकरवत, अर्धगोल कमानी दिसल्या तर गोल करवतीचं मशीन. स्क्रू असले तर डोकं बघा. प्लसचा स्क्रू १९३० च्या दशकाच्या आधी नव्हताच. मात्र एकच प्लसचा स्क्रू दिसला म्हणून वस्तू बाद करू नका, कधीतरी बिजागरी बदलली असेल, आजूबाजूला जुनं भोक दिसतंय का ते बघा.

गोल टेबलाला एक सोपी टेस्ट आहे, टेप घ्या आणि दोन्हीकडून मोजा, एकदा लाकडाच्या शिरेच्या दिशेने आणि एकदा आडवं. लाकूड वर्षानुवर्षं आडवं आकसतं, लांबीला जवळजवळ नाही. त्यामुळे खरं जुनं गोल टेबल जरासं लंबगोल झालेलं असतं. दोन्हीकडून बरोब्बर सारखं भरलं तर मला शंका आहे. ज्या वस्तूचं घेणारा तोंड भरून कौतुक करतो तिच्यात त्याला रस नसतो हो, हे आपलं अनुभवाचं बोल.

आणि छोटी गोल भोकं दिसतायत का? खाली पिवळट पीठ पडतंय का? पडत असेल तर किडा जिवंत आहे, ते मेज दुसऱ्या लाकडी सामानाशेजारी ठेवू नका. रॉकेल ओतू नका कृपया, त्याने किडा मरतोच असं नाही आणि वास मात्र नातवंडांपर्यंत पुरतो.

सिडकोचा_शेरलॉक

आरशाबद्दल कुणी बोललंच नाही 😄 मी सांगतो, तो बेल्जियमचा आहे. नाशकात वाड्यातून निघालेला प्रत्येक आरसा बेल्जियमचाच असतो, आमच्याकडे न्हाव्याच्या दुकानातला होता तो पण बेल्जियमचाच होता.

शीट_नंबर

नकाशा टाकू नका!! आणि भावाला सांगा तो फाटका नाहीये, पूर्ण आहे.

नाशिक गाव बरोबर २० अंश उत्तर अक्षांशावर बसलंय. सर्व्हे ऑफ इंडियाच्या (सरकारचं नकाशे काढणारं खातं) एक इंचाला एक मैल (म्हणजे १:६३,३६०) या मापाच्या शीटा पाव-पाव अंशाच्या असतात, आणि त्यांची कापायची रेघ नेमकी आपल्या गावावरून जाते. रामकुंड-पंचवटी वरच्या शीटात, नाशिकरोड-देवळाली खालच्या शीटात. वरचं शीट ४६ एच/१६, खालचं ४७ ई/१३. तुम्ही "खालच्या डाव्या कोपऱ्यात" म्हणालात तेव्हाच मी खुर्चीतून उठलो, कारण ४६ एच/१६ मधे गाव तिथेच येतं. वरच्या भागात दिंडोरी, उजवीकडे ओझर, गावाच्या पूर्वेला काठाकाठाने आडगाव आणि डाव्या काठाजवळ रामशेज किल्ला सापडला तर पैज जिंकलो. पाव अंश म्हणजे उभे साधारण सव्वासतरा मैल, म्हणजे सव्वासतरा इंच, तुमचं दीड फूट पण जुळतं. माझ्याकडे खालचं शीट आहे, वरच्याला पंधरा वर्षं शोधतोय, त्यामुळे मी पूर्ण निःपक्षपाती नाही हे आधीच सांगून ठेवतो.

तुकडे करून कापडावर का चिकटवलाय? कारण तो भिंतीवर लावायचा नव्हता, घोड्यावर किंवा टांग्यात घेऊन फिरायचा होता. कागद घडीवर फाटतो, म्हणून आधीच घडीच्या जागी कापून मधे फटी सोडायच्या आणि मागे कापड लावायचं, म्हणजे घडी कापडावर पडते आणि कागद शाबूत राहतो. मामलेदार, इंजिनियर, मिलिटरी असली मंडळी असे वापरायची. तुमच्या पणजोबांकडे कसा आला ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, मजा येईल.

साल कसं काढायचं तर नकाशाच्या आत बघू नका, चौकटीबाहेरचं बारीक अक्षर वाचा. तिथे सर्व्हे कुठल्या वर्षांत झाला, कधी छापला, सर्व्हेअर जनरल कोण आणि कुठल्या ऑफिसात छापला ते असतं, बरेचदा कलकत्ता. सर्व्हेचं साल आणि छपाईचं साल यात वीस वर्षांचं अंतर पण असू शकतं, विकणारे हमखास जुनं असेल तेवढंच सांगतात. ४६, ४७ ही नंबरांची पद्धतच विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे, त्यामुळे कुणी पेशवेकालीन म्हणाला तर चहा पाजून रवाना करा. अक्षरं गेली असतील तर गावावरून अंदाज घ्या, ओझरला विमानाचा कारखाना १९६४ चा, तो नसेल तर त्याआधीचा सर्व्हे. स्वातंत्र्यानंतर मेट्रिक आलं आणि ही शीटं १:५०,००० झाली, म्हणजे इंचाचं माप असेल तर तोही एक पुरावा.

आता पैशाचं. खरं सांगू, हे नकाशे सरकारी छापील, बऱ्याच प्रती निघायच्या, यातून फ्लॅट येणार नाही. १७८२ चा रेनेलचा हिंदुस्तानचा नकाशा वगैरे वेगळी दुनिया आहे, ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले, कागदावर पत्र्याच्या कडेचा दाब बोटाला लागतो, आणि त्यांच्या नकलाही चहाच्या पाण्यात बुडवून ढीगभर विकतात. तुमच्या त्या माणसाला नळा हवा होता कारण गंगापूर रोडकडे रिसॉर्ट आणि कॅफेवाले जुने नकाशे फ्रेम करून लावतायत, इंटिरियरवाले विचारत फिरतात. पाचशेला घेऊन तो कितीला देईल ते मी इथे लिहीत नाही, आईंना त्रास होईल.

तोपर्यंत लॅमिनेशन करायचं नाही, सेलोटेप लावायचा नाही, इस्त्री तर अजिबात नाही (एकाने केलीये, मी पाहिलंय). नळकांड्यातून काढून सपाट ठेवा, वर-खाली ॲसिड-फ्री कागद. कसर लागली असेल तर मऊ ब्रशने झटका, डांबरगोळी कागदाला टेकवू नका. फ्रेम केलीत तर काच आणि नकाशा यात माउंटची (कडेने लावायच्या जाड पुठ्ठ्याची) फट हवी, मागे हार्डबोर्ड नको, आणि उन्हाच्या भिंतीवर नको.

आणि त्याच्यावर पेन्सिलीने काही लिहिलंय का बघा. असेल तर खोडू नका!

मावशीचा_देव्हारा

तसबिरीचं मी सांगते, आमच्याकडे तीन आहेत त्यामुळे हात पोळलेत.

"रविवर्म्याची" याचे तीन अर्थ होतात. एक, त्याने स्वतः रंगवलेली, ते विसरा. दोन, त्याच्या छापखान्यातला ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापील प्रत. तीन, दुसऱ्या कुणीतरी छापलेली नक्कल, आणि या नकला पण आता शंभरीला आलेल्या असू शकतात. त्याचा छापखाना १८९४ ला मुंबईत गिरगावात सुरू झाला, मग प्लेगच्या दिवसांनंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, पुढे फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला आणि तीच चित्रं खूप वर्षं छापत राहिला. म्हणून नुसता छापखान्याचा शिक्का दिसला तरी रविवर्मा हयात असतानाची प्रत आहे असं होत नाही.

शिक्का चित्राच्या खाली पांढऱ्या पट्टीत असतो, इंग्रजीत, रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं काहीसं. फ्रेमवाल्यांनी नेमकी तीच पट्टी दुमडलेली किंवा कापलेली असते, काय शत्रुत्व होतं कोण जाणे.

घरच्या घरी बघायचं तर मोबाईलला लावायची दोनशे-तीनशेची भिंगाची क्लिप मिळते ती लावून लक्ष्मीच्या गालावर धरा. ओलिओग्राफ दगडावरून छापलेला, एकेका रंगाला वेगळा दगड, त्यामुळे ठिपके वाळू सांडल्यासारखे वेडेवाकडे दिसतात. ऑफसेट (नंतरची मशीनवरची छपाई) असेल तर ओळीने शिस्तीत उभे, त्यांची फुलं फुलं दिसतात. एवढं एक बघितलं तरी निम्मा निकाल लागतो.

साडीवरची ती जर घरच्या बायकांनी लावलेली असते, दुपारची कामं उरकली की बसून टिकल्या, मणी, जुन्या साडीच्या काठाचे तुकडे. काही लोक "मूळ चित्र बिघडवलंय" म्हणून भाव पाडतात, आणि हल्ली काही लोक त्याच्यासाठीच जास्त देतात. माझं म्हणाल तर ती जर कुणाच्या हातची आहे ते एका चिठ्ठीवर लिहून मागे ठेवा. आणि पावसाळ्यात फ्रेम उघडू नका, चित्र काचेला चिकटलेलं असेल तर ओढू नका, चेहराच काचेवर निघून येतो. आमच्या सरस्वतीचं तसं झालंय, आता वीणा आहे, सरस्वती नाही.

तुमच्या आईचं बरोबर आहे.

तारीख_पे_तारीख

न्यू जर्सीवाल्या भावाला थांबवा. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, शंभर वर्षं किंवा जास्त जुनी कलाकुसरीची वस्तू त्यात येते, हस्तलिखितं-कागदपत्रं यांना ७५ वर्षंच. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, शिपिंग कोणी का देईना, पकडलं तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मेज शंभरच्या आतलं आहे असं वाटत असेल तर पुरातत्त्व खात्याच्या कमिटीकडून तसं सर्टिफिकेट घ्यावं लागतं. देशातल्या देशात घरचं फर्निचर विकायला काही अडचण नाही, पण मूर्ती वगैरे निघाली असेल तर नोंदणीचं बघून मगच हात लावा.

गोदाकाठचा

बापरे, सगळ्यांचे आभार. रविवारी सकाळी भाऊ, मी आणि आई माडीवर टेप, टॉर्च आणि भिंग घेऊन बसलो, रिपोर्ट देतो.

टेबल दोन्हीकडून बरोब्बर तीस इंच. उलटं केलं तर खाली प्लसचे आठ स्क्रू. आई हसायलाच लागली, म्हणाली अरे त्यावर सिगडी ठेवून वरची फळी जळली होती, तुझ्या काकाने नवी बसवून घेतली, मी लग्न होऊन आले त्याच वर्षी. म्हणजे पाय जुने, डोकं नवं.

मेज शिसवीच! खणाच्या आतल्या फळ्या सागवानी, बाहेरचं खरवडलं तिथे जांभळट. दात एकसारखे नाहीत, रेघ पण दिसली. भावाने स्वतः भिंग धरून दात मोजले आणि पीयूचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

लक्ष्मीचे ठिपके वाळूसारखे आहेत, पट्टी कापलेली आहे, पुढे काही केलं नाही.

शीट_नंबर साहेब, ४६ एच/१६! दिंडोरी, ओझर, रामशेज सगळं जिथल्या तिथे. विमानाचा कारखाना नाही. आणि पेन्सिलीने लिहिलेलं आहे, दिंडोरीच्या बाजूला अकरा गावांना लाल गोल केलेत आणि प्रत्येकापाशी एकेक आकडा. आई म्हणते ती कुळांची गावं असणार. हा नकाशा राहतोय. तुम्हाला बघायला, फोटो काढायला कधीही या, चहा पण मिळेल.

आता एक नवीन भानगड, खण उलटा केला तर तळाला शाईने मोडीत एक ओळ लिहिलीये. आम्हा कुणाला वाचता येत नाही, शेवटी ३११ असा आकडा वाटतोय, भाऊ म्हणतो हा नक्की वस्तूचा नंबर आहे, कुठल्यातरी राजवाड्यातून आलं असेल. फोटो टाकलाय, कुणी वाचेल का?

मावशीचा_देव्हारा

आमच्या अहोंनी मोडीचा कोर्स केलाय, त्यांना दाखवलं. ते ३११ नाही, ३॥ आहे, त्या दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा, एकूण साडेतीन रुपये. आणि ओळ आहे "सुतारास देणे बाकी". राजवाडा वगैरे काही नाही हो 😄

रंधा_पटाशी

म्हणजे सावकाराच्या घरी सुताराचेच साडेतीन रुपये बुडवलेत आणि वर ते त्याच्याच खणाखाली लिहून ठेवलंय. मी पण सुताराचा नातू. चपड्याचा हात मारायला येईन तेव्हा व्याज धरून काढून ठेवा.

गोदाकाठचा

आई म्हणतेय व्याज काय दराने ते आधी ठरवून घ्या, पणजोबांचा दर लावू नका.